कोंबड्याचा पिसारा बिघडला तर आधी काय पाहावे आणि मग काय करावे

परसातल्या कोंबड्याची पिसे विस्कटली, मानेवर किंवा पंखाखाली उघडी कातडी दिसू लागली, की आपल्याकडे बहुतेक जण आधी पशुखाद्याच्या दुकानात जातात आणि यकृताचे टॉनिक नाहीतर जीवनसत्त्वांची बाटली घेऊन येतात. मीही तेच केले होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तांबड्या गावरान कोंबड्याची पार रया गेली, तुरा फिकट पडला, शेपटीतली दोन लांब पिसे मोडली, आणि महिनाभर पाण्यातून टॉनिक पाजूनही फरक पडेना, तेव्हा त्याला पाटीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कोंबड्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, “रात्री टॉर्च घेऊन खुराडं पाहिलंत का?” मी पाहिले नव्हते. त्या रात्री पाहिले आणि महिन्याभराच्या टॉनिकचे पैसे कुठे गेले ते कळले. ती हकीकत तिच्या जागी येईलच. पण औषधाच्या आधी पाहणी, आणि पाहणीतही दिवसा कोंबड्याची व रात्री खुराड्याची, हा क्रम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

मोडलेले पीस आणि गळालेले पीस

पीस म्हणजे आपल्या नखासारखी वस्तू आहे. ते उगवत असते तोवर त्याच्या दांड्यात रक्त खेळते. पूर्ण वाढले की रक्तपुरवठा थांबतो, दांडा पोकळ होतो, आणि त्यानंतर त्या पिसाची झीज भरून काढण्याची कोणतीही सोय शरीरात नसते. त्यामुळे आज दिसणारे खराब पीस एकतर उगवतानाच कच्चे उगवलेले असते, किंवा चांगले उगवून नंतर कोणी कुरतडलेले, उपटलेले अथवा घासून झिजलेले असते. पहिल्याचे कारण कोंबड्याच्या खाण्यात आणि तब्येतीत शोधावे लागते, तेही काही आठवड्यांपूर्वीच्या; दुसऱ्याचे कारण खुराड्यात, सोबतच्या कोंबड्यांत किंवा किडींत सापडते. ही निवड न करता दिलेले औषध लागू पडलेच, तर तो योगायोग समजावा.

निवड करण्यासाठी उघड्या दिसणाऱ्या जागेवरून बोट उलट दिशेने फिरवावे. कातडीतून टोचणारे खुंट हाताला लागले तर पीस मोडलेले आहे, आणि खुंट आत असेपर्यंत तिथे नवे पीस येत नाही. पुढच्या पीसगळीत तो खुंट पडेल तेव्हाच जागा भरेल. खुंट नसून कातडी गुळगुळीत असेल तर पीस मुळासकट गेले आहे, आणि कारण दूर झाल्यास दोन-तीन आठवड्यांत तिथे कोंब दिसून सहा ते आठ आठवड्यांत पीस पूर्ण वाढते. शेपटीच्या लांब वाकड्या पिसांना याहून अधिक वेळ लागतो. खुंट जोराने उपटून काढण्याचा उद्योग मात्र घरी करू नये. त्यात कातडी फाटते आणि पुढचे पीस वाकडे येते.

मग पंखातले एखादे मोठे पीस पसरून उजेडासमोर धरावे. निरोगी पिसाचा पडदा सलग दिसतो. मागावर विणताना बाण्याचा धागा चुकला की चादरीवर जशी एक आडवी विरळ रेघ उमटते, तशी रेघ पिसावर दिसली तर ते पीस वाढत असताना कोंबड्याने काही दिवस उपास, ताप किंवा मोठा ताण सोसला असे समजावे. अनेक पिसांवर ती रेघ एकाच उंचीवर असेल तर शंकेला जागाच उरत नाही, आणि पुढे पीस नेमके त्याच रेघेवर मोडते. याउलट पडद्याला भोके पडली असतील, कडा करवतीसारखी दातेरी झाली असेल किंवा दांडा शाबूत राहून बाजूचे तंतूच नाहीसे झाले असतील, तर ते उवांचे काम असण्याची शक्यता अधिक.

कोंबडा हातात घेणे

दिवसा अंगणात कोंबड्याच्या मागे धावून त्याला पकडणे म्हणजे त्याची उरलेली पिसेही घालवणे आहे, आणि सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर असताना, अशा धावपळीत धडधाकट कोंबडाही धापा टाकत आडवा होऊ शकतो. अंधार पडल्यावर तो दांडीवर बसला की दोन्ही पंख अंगाशी दाबून अलगद उचलावा आणि जुन्या चादरीत गुंडाळावा. पाय दोन बोटांत धरावेत, कारण पायावरचा काटा मनगटात घुसला तर जखम खोल होते. डोके झाकले की बहुतेक कोंबडे शांत होतात. एकाने धरावे, दुसऱ्याने पाहावे.

पाहण्याची सुरुवात विष्ठाद्वाराभोवतीच्या पिसांपासून करावी, कारण उवा आणि कोळीकिडे (कोळ्याच्या जातीचे बारीक किडे) बहुधा तिथेच आधी जमतात. तिथे ऊब असते आणि ओलावाही. त्या भागातली पिसे फुंकर मारून किंवा बोटांनी फाकवून कातडी पाहावी, मग पंखांखालची खोबण, शेपटीचे मूळ, मान आणि डोक्याची मागची बाजू पाहावी. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला शेंगदाण्याएवढी तेलाची गाठ असते. कोंबडा चोचीने तिथले तेल घेऊन पिसांना लावतो. ती सुजलेली, टणक किंवा दुखरी असेल तर पिसांची चमक जाणारच. पायांवरचे खवले उचलले गेले असतील, त्यांच्याखाली पांढरट चुरा साठला असेल, तर तो खवल्यांखाली शिरणाऱ्या कोळीकिड्यांचा त्रास आहे. पायांवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळून दर तीन-चार दिवसांनी पुन्हा लावत राहिल्यास हे किडे गुदमरून मरतात, मात्र पाय पूर्ववत दिसायला काही महिने लागतात.

पिसांचे सारे पाहून झाले की छातीच्या मधल्या हाडावरून हात फिरवायला विसरू नये. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले लागले तर ठीक. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला आले तर पिसे हा मूळ आजार नाही, तो फक्त दिसणारा भाग आहे. पिसांच्या फुगवट्यामुळे कोंबडा दिसायला गुबगुबीत आणि हातात घेतल्यावर पोकळ असे नेहमी होते, म्हणून नजरेवर विश्वास ठेवू नये. ताणकाट्याला पिशवी अडकवून वजन करावे आणि लिहून ठेवावे.

जो बिघाड नव्हेच

गावरान कळपात जन्मतः उघड्या मानेचे कोंबडे निघतात. तो वंशगुण आहे. अशा पक्ष्यांच्या अंगावर एकूणच पिसे कमी असतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते त्यांच्या पथ्यावरच पडते. उलट्या पिसांचे कोंबडेही असेच जन्मजात असतात. काळ्या कोंबड्याची पिसे उन्हाने तांबूस पडतात, तेही दुखणे नव्हे. अशांना औषध पाजणाऱ्यांची संख्या थोडी नाही, म्हणून हे लिहावे लागते.

वर्षातून एकदा होणारी पीसगळ हीच सर्वांत जास्त घाबरवणारी आणि सर्वांत निरुपद्रवी गोष्ट आहे. दिवस लहान होऊ लागले की ती सुरू होते. थंड देशांत दिवसाच्या लांबीत मोठा फरक पडतो म्हणून तिथे सगळा कळप एकदम पिसे टाकतो. सोलापुरात सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडा अधिक आणि सर्वांत लहान ११ तासांच्या आसपास असतो, त्यामुळे इथली पीसगळ रेंगाळत, पावसाळा सरता सरता सुरू होऊन थंडीपर्यंत पसरलेली दिसते. कोंबडी पिसे टाकताना अंडी देणे थांबवते म्हणून तिची गळ लगेच ध्यानात येते. कोंबड्याच्या बाबतीत तसे कोणतेही चिन्ह नसल्याने मालक दचकतो. ओळखायची खूण अशी की गळ डोके आणि मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपटी अशी खाली सरकते, दोन्ही बाजूंना सारखी असते, आणि उघड्या जागी कातडी लाल न होता तिथे मेणकापडात गुंडाळल्यासारखे काट्यांचे कोंब उगवताना दिसतात. कोंबडा या काळात आरवणे कमी करतो, कोंबड्यांमागे धावत नाही, कोपऱ्यात उभा राहतो. त्या कोंबांत रक्त असते आणि ते दुखरे असतात, म्हणून त्याला उगाच उचलू नये. एखादा कोंब मोडून रक्त आले तर स्वच्छ कपड्याने दोन-तीन मिनिटे दाबून धरावे आणि वर हळद लावावी. सबंध गळ दोन ते तीन महिन्यांत उरकते. एकाच बाजूला, एकाच जागी, अवेळी पडलेले टक्कल मात्र पीसगळीच्या नावावर खपवू नये.

टोचाटोची

मानेच्या मागे, पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी पिसे उपटलेली आणि कातडीवर ओरखडे असतील तर कळपात कोण कोणाला टोचते हे अर्धा तास लांब बसून पाहावे. कोंबडाच नेहमी मारकुटा असतो असे नाही. जागा अपुरी असेल किंवा खाण्यात प्रथिने कमी पडत असतील तर कोंबड्या निवांत उभ्या असलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसे एकेक करून उपटून खातात आणि तो बापडा उभा राहतो. खुराड्यात प्रत्येक पक्ष्याला निदान चार चौरस फूट जागा मिळावी, दोन कोंबडे असतील तर ते वेगळे ठेवावेत, रक्त दिसणारा पक्षी जखम सुकेपर्यंत बाजूला काढावा. शेपटीची पिसे फक्त टोकांनाच मोडत असतील तर दांडी भिंतीच्या फार जवळ आहे का ते पाहावे. दांडी भिंतीपासून दीड फूट पुढे घेतल्याने भागते. आमच्या शेजारच्या एका कोंबड्याच्या छातीची पिसे रोज झडत होती, आणि कारण निघाले ते दारात लावलेल्या मोटारसायकलचे चकचकीत झाकण. त्यात दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी तो रोज सकाळी झुंजत होता. गाडीवर गोणपाट टाकले आणि झुंज संपली.

उवा आणि कोळीकिडे

कोंबड्यांच्या उवा माणसाच्या उवांसारख्या रक्तावर जगत नाहीत. त्या मुख्यतः पिसे, कोंडा आणि कातडीचा चुरा खातात. त्यांचा रंग पिवळसर असतो, पिसे फाकवली की त्या झपाट्याने पळतात, आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके साखरेचे खडे चिकटावेत तसे चिकटलेले दिसतात. त्यांचा सगळा जन्म पक्ष्याच्या अंगावरच जातो, अंगावरून पडल्या की आठवड्याभरात मरतात. कोळीकिडे त्याहून बारीक, राईच्या दाण्याहूनही कितीतरी लहान, राखाडी किंवा रक्त पिऊन लालसर झालेले असतात. त्यांतला एक प्रकार अंगावरच राहतो आणि विष्ठाद्वाराजवळची पिसे काळवंडून टाकतो. दुसरा दिवसभर लाकडाच्या सांध्यांत दडून रात्री रक्त पितो. या दुसऱ्यासाठी सोपी परीक्षा आहे. संध्याकाळी दांडीच्या खालच्या बाजूला आणि तिच्या टोकांना जुना पांढरा सोलापुरी टॉवेल बांधून ठेवावा, आणि पहाटे उजाडण्याआधी तो काढून हाताने दाबून पुसावा. टॉवेलवर रक्ताचे फराटे उमटले की निदान झाले. टॉवेल उकळत्या पाण्यात टाकावा, आणि आपलेही हात-कपडे धुवावेत, कारण हे किडे माणसालाही चावून खाज आणतात.

कोंबड्याच्या अंगावर अशा किडी कोंबड्यांपेक्षा जास्त सापडतात हा अनेकांचा अनुभव आहे, आणि तो धुळीत लोळण्याचा कंटाळा करतो हे त्यामागचे एक कारण असावे. म्हणून उपचाराची सुरुवात धूळस्नानापासून करावी. जुने घमेले किंवा टायर घेऊन त्यात बारीक चाळलेली कोरडी माती भरावी, तिच्यात चुलीची थोडी चाळलेली राख मिसळावी. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेसाठी आणलेली धुरळणीची गंधक भुकटी घरात असेल तर ती मातीत मूठभर मिसळल्यास कोळीकिड्यांवर चांगला परिणाम होतो. हे घमेले पावसापासून झाकलेल्या जागी ठेवावे. ओली राख कातडीला जाळते.

अंगावर किडी मोजता न येण्याइतक्या असतील तर केवळ धूळ पुरत नाही. डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन या वर्गातली पक्ष्यांवर चालणारी औषधे पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच, संध्याकाळी, डोळे व चोच झाकून, पिसांच्या मुळापर्यंत पोचतील अशी लावावीत. लिखांवर ही औषधे चालत नाहीत, म्हणून उवांसाठी दहा दिवसांनी आणि कोळीकिड्यांसाठी पाच ते सात दिवसांनी दुसरी पाळी चुकवू नये. पहिल्या पाळीनंतर कोंबडा बरा दिसतो आणि दुसरी राहून जाते, इथेच बहुतेकांचे चुकते. लिखांचे पुंजके असलेली पिसे कात्रीने कातडीपासून थोडे वर कापून जाळावीत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिला घातक आहे हे लक्षात ठेवावे. औषधानंतर किती दिवस त्या पक्ष्याचे मांस आणि कळपातली अंडी खायची नाहीत, हेही डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्यावे.

घरगुती उपायांत वेखंडाची पूड आणि निंबोळी तेल यांचा थोडाफार उपयोग होतो. बार्शीकडे सीताफळे भरपूर, त्यामुळे सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावण्याची चालही आपल्याकडे आहे. ती उवा मारते हे खरे, पण तिचा कण डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, कोंबड्याच्याही आणि लावणाऱ्याच्याही. मी ती वापरत नाही. आणि बागेत फवारून उरलेले कीटकनाशक कोंबड्याच्या अंगावर मारणे हा तर शुद्ध घात आहे: फॉस्फरसयुक्त कीटकनाशके पक्ष्यांना अतिशय अल्प मात्रेतही मारतात, आणि तुकतुकीत पिसांचा मेलेला कोंबडा कोणाच्या उपयोगाचा नाही.

गोचीड, म्हणजे आमच्या घरची हकीकत

सोलापूरसारख्या कोरड्या, उष्ण मुलखात सर्वांत आधी संशय घ्यावा तो कोंबड्यांच्या गोचिडीचा. ही गाई-म्हशींच्या कानाला चिकटलेली दिसते ती गोचीड नव्हे. हिचे अंग मऊ, चामड्यासारखे आणि चपटे असते. ती दिवसभर भिंतीच्या भेगांत, फळ्यांच्या सांध्यांत, पत्र्याखालच्या वाशांत दडून बसते, रात्री उतरून अर्धा-एक तास रक्त पिते आणि उजाडण्याआधी परत जाते. त्यामुळे दिवसा कोंबडा कितीही चाळला तरी अंग स्वच्छच सापडते. माझे तेच झाले होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन गेलो. खुराडे जुन्या बाभळीच्या फळ्यांचे होते. विणायची सुई एका सांध्यात घालून ओढली, तर तिच्या टोकाबरोबर जवसाच्या दाण्यासारखे तपकिरी, चपटे काहीतरी बाहेर आले आणि चालू लागले. दुसऱ्या सांध्यात तसेच. तिसऱ्यात रक्त पिऊन टरारलेले, निळसर करडे, दाबल्यावर टॉवेलवर काळपट डाग सोडणारे. कोंबडा दांडीवर नव्हताच. तो दारापाशी कोपऱ्यात शेपूट जाळीला चिकटवून उभा होता, आणि त्याची लांब पिसे का मोडली तेही तेव्हा उलगडले. गेले कित्येक दिवस तिन्हीसांजेला तो खुराड्यात जायला कुरकुर करत होता, मी त्याला हट्टी समजून आत ढकलत होतो. पक्षी संध्याकाळी आत जायला नाखूश असेल, तर तो काहीतरी सांगत असतो, ते ऐकावे.

दुसऱ्या दिवशी पंखाखालची कातडी भिंगातून पाहिली तेव्हा गोचिडीची पिल्ले सापडली. पिल्ले मोठ्यांसारखी रक्त पिऊन लगेच परत जात नाहीत, ती पाच ते दहा दिवस एकाच जागी चिकटून राहतात, त्यामुळे दिवसाही दिसू शकतात. खपलीसारखे निळसर-काळे ठिपके दिसतात आणि भोवतीची पिसे कोंबडा स्वतःच चोचीने तोडून टाकतो.

या गोचिडीवर उपचार करायचा तो मुख्यतः खुराड्यावर. मोठी गोचीड रक्ताशिवाय दोन वर्षांहून अधिक काळ जगू शकते, तेव्हा कोंबड्या काही महिने दुसरीकडे हलवल्याने ती मरेल ही आशा व्यर्थ आहे. खुराडे रिकामे करून, खाण्यापिण्याची भांडी बाहेर काढून, प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशने खरवडावा. निघालेला केर जाळावा. विटांच्या आणि लोखंडाच्या भागावर ज्योत फिरवता येते, लाकडी भागावर अर्थातच नाही. मग डॉक्टरांनी सांगितलेले कीटकनाशक भेगांत मुरेल असे फवारावे, पूर्ण सुकेपर्यंत पक्षी आत सोडू नयेत, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे, आणि त्यानंतर भेगा सिमेंटने बुजवून भिंतींना चुना द्यावा. आमच्या फळ्या इतक्या पोखरल्या होत्या की मी त्या जाळून टाकल्या आणि लोखंडी चौकटीचे खुराडे करून घेतले. सांधे कमी तेवढी लपायची जागा कमी. मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, त्याच धर्तीवर दांडीचे पाय जळक्या तेलाच्या डब्यांत ठेवले आणि दांडी कुठल्याही भिंतीला टेकणार नाही असे पाहिले. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी.

खाण्याकडे

पिसाच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग प्रथिनांचा असतो, आणि त्या प्रथिनात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात. आपल्याकडचा परसातला कोंबडा मुख्यतः ज्वारीवर आणि भाकरीच्या तुकड्यांवर जगतो. मंगळवेढ्याची मालदांडी कितीही सकस असली तरी ज्वारीत प्रथिने साधारण १० टक्केच असतात; एरवी कोंबडा किडे-मुंग्या वेचून ती उणीव भरून काढतो, पण फरशी घातलेल्या अंगणात वेचायला काही उरत नाही. एरवी भागते, पीसगळीत भागत नाही, आणि मग कच्ची, रेघा पडलेली पिसे येतात.

पीसगळीच्या दोन-तीन महिन्यांत आम्ही जे मिश्रण देतो ते असे: एक किलोत ६५० ग्रॅम ज्वारीचा भरडा, १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड, १०० ग्रॅम सूर्यफूल पेंड, १०० ग्रॅम तुरीची चुणी आणि ५० ग्रॅम सुकट, वर खनिज मिश्रणाची चिमूट. यात प्रथिने १७ टक्क्यांच्या आसपास जातात. सूर्यफूल पेंड मुद्दाम आहे, कारण शेंगदाणा पेंडीत कमी पडणारे मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल तिच्यात चांगले असते. सुकट खारट असेल तर धुऊन, वाळवून मगच कुटावी. जास्त मीठ कोंबड्याला बाधते. शेंगदाणा पेंड जुनाट वासाची किंवा बुरशी धरलेली असेल तर ती फेकून द्यावी, स्वस्तात मिळाली तरीही, कारण तिच्यातले बुरशीचे विष यकृत निकामी करते आणि पिसे विस्कटण्याचे तेच नवे कारण होऊन बसते. आठवड्यातून दोनदा उकडलेले अंडे कुस्करून द्यावे; कच्चे देऊ नये, कच्च्या पांढऱ्या बलकातला एक घटक पिसांना आणि कातडीला लागणारे बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतो. शेवग्याचा पाला आणि लसूण घास बारीक चिरून रोज मूठभर चालतो. अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य मात्र कोंबड्याला कायम घालू नये. त्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, कोंबड्याला त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही गरज नसते, आणि जास्तीचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो.

उन्हाळ्यात कोंबडा खाणेच कमी करतो, म्हणून दिवसाचे मुख्य खाद्य पहाटे आणि सूर्य मावळताना द्यावे, पत्र्यावर ओले गोणपाट टाकावे, पाण्याचे भांडे सावलीत ठेवून दिवसातून तीनदा बदलावे. छातीचे हाड हाताला टोचत असेल आणि खाणे चांगले असेल, तर जंत असण्याची शक्यता मोठी. विष्ठा दवाखान्यात तपासून घेऊन मगच जंतनाशक द्यावे.

वाट न पाहण्याची वेळ

पिसे झडलेली असणे वेगळे आणि पिसे फुगवून मान आत ओढून बसणे वेगळे. दुसरे दृश्य दिसले, सोबत खाणे बंद, हिरवट किंवा पांढरी पातळ विष्ठा, मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे, श्वासाला घरघर यांतले काहीही असेल, तर पिसांचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, असू शकते. गोचिडीने पसरणारा जिवाणूंचा तापही असू शकतो, आणि त्यावर वेळेत प्रतिजैविक मिळाले तर कोंबडा वाचतो. कळपातले दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर मेलेले पक्षी हाताळू नयेत, विकू नयेत, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. बाजारातून आणलेला नवा कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे तपासून मगच कळपात सोडावा.

उपचार लागू पडला की नाही हे रोज पाहून कळत नाही. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, एक पंख पसरून मोबाइलवर फोटो काढावा आणि त्या दिवशीचे वजन त्यासोबत लिहावे. आमच्या कोंबड्याच्या पंखाखालच्या उघड्या जागेत नवे खुराडे झाल्यावर अठराव्या दिवशी पहिले कोंब दिसले, तुरा त्याआधीच लाल झाला होता, आणि आठव्या आठवड्यात ती जागा बाकीच्या अंगापासून ओळखू येत नव्हती. शेपटीतली मोडलेली दोन पिसे मात्र तशीच बोटभर खुंटांनी पावसाळाभर राहिली. आश्विनात ते खुंट गळाले तेव्हा मी ते अंगणातून वेचून ठेवले, आणि त्या जागी आलेली हिरवट काळी पिसे आता कुठे मातीला टेकू लागली आहेत.